घबराटीचा बागुलबुवा

खोपटच्या आमच्या सोसायटीची वार्षिक सभा. गच्चीची गळती, लिफ्टचा खर्च आणि पार्किंगचे नेहमीचे भांडण आटोपल्यावर शेवटचा विषय माझा होता. ठाणे परिसरात धोकादायक रसायने कुठे साठवली जातात, आपल्या दारावरून कुठली नेली जातात आणि उद्या काही गळले, पेटले, फुटले तर घरात थांबायचे की बाहेर पडायचे, एवढी माहिती सरकारकडून लेखी मागवावी आणि पाणीकपातीच्या नोटिशीशेजारी फलकावर लावावी, असा साधा ठराव. तिसऱ्या मजल्यावरचे काका उभे राहिले. एका रासायनिक कारखान्यात तीसेक वर्षे शिफ्ट सांभाळलेला माणूस. या विषयात आमच्या इमारतीत त्यांचा शब्द शेवटचा. म्हणाले, "अरे, लोकांना हे सांगून करायचंय काय? कळत कोणाला नाही, नुसती घबराट होईल. ज्यांचं काम आहे ते बघतायत." मागून आणखी एक आवाज आला, "आणि आपण काय डोंबिवलीत राहतो?" सभेने माना डोलावल्या. चहा आला. ठराव बारगळला.

काकांशी माझे वैर नाही. वैर आहे ते त्या वाक्याशी, कारण ते काकांचे एकट्याचे नाही. कारखानदार, अधिकारी, पुढारी आणि बिल्डर या चौघांचे एरवी कशावर एकमत होत नाही. 'लोकांना सांगितले तर घबराट होईल' यावर मात्र होते. इतके सर्वमान्य वाक्य कधीतरी तपासून पाहायला हवे.

आपल्याच जिल्ह्यातले पाहू. २६ मे २०१६ ला डोंबिवली एमआयडीसीच्या फेज दोनमध्ये प्रोबेस एंटरप्रायझेस या कारखान्यात स्फोट झाला. १२ जण गेले, दीडशेहून जास्त जखमी झाले. खिडक्यांच्या काचा फुटल्या त्या दूरदूरच्या इमारतींत. त्यानंतर आठ वर्षांनी, तीनच दिवस कमी, २३ मे २०२४ च्या भर दुपारी त्याच फेज दोनमध्ये अमुदान केमिकल्स उडाली. दहाहून जास्त माणसे मेली. काहींची ओळख डीएनए तपासणीशिवाय पटेना. पहिले काही तास सगळीकडे 'बॉयलर फुटला' चालले होते, मग 'रिॲक्टर' झाले. तीन आठवडे उलटायच्या आत, १२ जूनला, त्याच भागात इंडो अमाइन्सला आग लागली. बदलापूरला ३ जून २०२१ च्या रात्री एमआयडीसीतल्या कंपनीतून वायू सुटला. डोळे चुरचुरायला लागले, श्वास कोंडायला लागला, आणि लोकांना कळेना की हे आपल्याच घरात होते आहे की गावभर. १२ सप्टेंबर २०२४ ला अंबरनाथकरांवर तीच पाळी आली.

या प्रत्येक वेळी घबराट झाली का? झाली, आणि भरपूर झाली. पण यातल्या कुठल्या वेळी लोकांना आधी काही सांगून ठेवले होते? काका ज्या रोगाची भीती घालतात तो रोग त्यांच्याच औषधाने झालेला आहे. गप्प बसण्याचा प्रयोग आपण ठाणे जिल्ह्यात वर्षानुवर्षे केला आणि त्याचा निकाल दर दोन-चार वर्षांनी रस्त्यावर धावताना दिसतो. सांगून पाहण्याचा प्रयोग अजून व्हायचा आहे.

तो झालेलाच नाही, हेही तसे खरे नाही. एका रसायनाच्या बाबतीत झाला आहे, आणि तो आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात झाला आहे. १४.२ किलो द्रव पेट्रोलियम वायू लोखंडी टाकीत भरून आपण ओट्याखाली ठेवतो. ठिणगी पडली तर भिंत उडेल एवढी त्याची ताकद. तरी कोणी गृहिणी स्वयंपाकघर सोडून पळालेली नाही. का? कारण तिला सांगितले आहे. वास आला तर बटणाला हात लावायचा नाही, काडी ओढायची नाही, रेग्युलेटर बंद करायचा, दारे-खिडक्या उघडायच्या. गॅस खाली बसतो हे तिला पक्के ठाऊक असते, त्यासाठी तिला रसायनशास्त्राची पदवी लागली नाही. वर्षानुवर्षे कार्डावर, पत्रकांत, सिलिंडर आणणाऱ्याच्या तोंडून हे सांगितले गेले. त्यातून घबराट झाली नाही, सवय झाली. 'लोकांना कळत नाही' म्हणणाऱ्याने आपल्या घरात जाऊन बायकोला एवढे विचारावे.

आणि गंमत म्हणा की दैव, या एकाच ज्ञानामुळे आपण उद्या फसू शकतो. घरात गॅस गळला तर खिडक्या उघडायच्या, हे अंगात मुरलेले. पण बाहेर, कारखान्यातून किंवा टँकरमधून, विषारी वायू सुटला तर खिडक्या बंद करायच्या असतात. पंखा, एसी, एक्झॉस्ट बंद, फटींना ओली फडकी. नेमके उलटे. क्लोरिन हवेच्या अडीचपट जड. तो गटारात, तळघरात, पार्किंगमध्ये, चाळीच्या तळमजल्यावर साचतो, म्हणून वरच्या मजल्यावर जाणे शहाणपणाचे. अमोनिया हवेहून हलका, पण पाण्याकडे ओढ घेणारा, म्हणून ओला रुमाल नाकाला धरला तर बराचसा त्यातच अडकतो. स्फोटाची भीती असेल तर तिसराच नियम: काचेपासून लांब. पहिला आवाज ऐकून माणूस काय करतो? गॅलरीत येतो, मोबाइल वर धरतो. बैरुतमध्ये ४ ऑगस्ट २०२० ला बंदरात आधी आग लागली होती, लोक खिडक्यांशी उभे राहून बघत होते, आणि मग २,७५० टन अमोनियम नायट्रेट उडाले. काचांनी किती जणांना फाडले याची मोजदाद ठेवणे तिथल्या डॉक्टरांना जमले नाही. डोंबिवलीच्या स्फोटांचे जे व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले, ते कुठून काढलेले होते ते एकदा पाहा. कुणाच्या ना कुणाच्या खिडकीतूनच.

म्हणजे 'घाबरून जाऊ नका, अफवांवर विश्वास ठेवू नका' एवढ्याने भागत नाही. पदार्थाप्रमाणे वागणे बदलते. पदार्थाचे नाव सांगितल्याशिवाय सूचना देता येत नाही. नाव दडवायचे आणि लोकांनी नीट वागावे अशी अपेक्षा ठेवायची, या दोन गोष्टी एका ताटात बसत नाहीत.

भोपाळचे उदाहरण द्यायचे मी टाळणार होतो, सगळेच देतात म्हणून. पण काकांच्या वाक्याचा मूळ पत्ताच तिथे आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडमध्ये गळती सुरू झाल्यावर वस्तीसाठीचा भोंगा वाजला आणि थोड्याच वेळात बंद करण्यात आला. लहानसहान गळतीने गावाला उगाच घाबरवू नये, अशी कंपनीची कामाची पद्धतच होती. गाव झोपेत राहिले. जागे झाले ते खोकत, आणि धावत सुटले. धावणारा माणूस जास्त श्वास घेतो. ओले फडके तोंडावर धरून आडवे पडून राहिले असते तर कितीतरी जण वाचले असते, हे नंतर सांगितले गेले. हे आदल्या वर्षी सांगायला किती खर्च आला असता? राजकुमार केसवानी नावाचा पत्रकार १९८२ पासून त्या शहरात ओरडून सांगत होता. त्याच्यावर आरोप काय होता? लोकांना घाबरवतो.

भोपाळनंतर आणि विशेषतः डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातल्या ओलियम गळतीनंतर या देशाने एक गोष्ट कबूल केली. ती अशी की कुंपणापलीकडच्या माणसाला माहिती मिळणे हा त्याचा हक्क आहे. हे माझे मत नाही, कायदा आहे, आणि काकांचा युक्तिवाद इथे मुळातच उशिरा आलेला आहे. सांगावे की न सांगावे हा प्रश्न संसदेने १९८७ मध्ये निकालात काढला. कारखाने अधिनियमात घातलेल्या ४१-ब कलमाप्रमाणे धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्या कारखानदाराने धोक्यांची आणि ते टाळण्याच्या उपायांची माहिती कामगारांना, मुख्य निरीक्षकाला, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेला द्यायची होती. शिवाय अपघात झाला तर काय खबरदारी घ्यायची, ते शेजारी राहणाऱ्यांना कळवायचे होते. 'आसपासच्या जनतेला' हे शब्द कायद्यातच आहेत. २०२५ मध्ये त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही हे बंधन पुढे चालू ठेवले.

त्यावर १९८९ चे धोकादायक रसायनांचे नियम आले. त्यांतला पंधरावा नियम मोठ्या धोक्याच्या कारखान्यांना सांगतो की बाहेरच्या ज्या लोकांना झळ बसू शकते त्यांना धोक्याचे स्वरूप आणि 'काय करावे, काय करू नये' हे कळवा. कारखान्याच्या आतल्या आणीबाणी आराखड्याची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी, कुंपणाबाहेरच्या आराखड्याची वर्षातून एकदा तरी. मग १९९६ चे नियम: केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशा चार पायऱ्यांचे आपत्ती गट. यातल्या स्थानिक गटाची रचना वाचताना मला दर वेळी हसू येते आणि मग येईनासे होते. प्रांताधिकारी, कारखाना निरीक्षक, अग्निशमन अधिकारी, पोलीस ठाण्याचा प्रमुख हे तर आहेतच. पण शिवाय स्थानिक वर्तमानपत्राचा संपादक, गावातले दोन नामवंत डॉक्टर, दोन समाजसेवक, एका स्वयंसेवी संस्थेचा माणूस आणि वस्तीतला एक पुढारी. या गटाने महिन्यातून एकदा बसायचे, आणि लोकांना माहिती देण्याच्या कामी कारखान्यांना हात द्यायचा. किती नेमके लिहिले आहे! ज्याने हे लिहिले त्याला वस्ती म्हणजे काय हे ठाऊक होते. आता ठाणे, कळवा, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर कुठलाही वाचक घ्या. त्याने आपल्या डॉक्टरला, आपल्या पेपरवाल्याला विचारावे की बाबा, तू त्या गटात आहेस का? आणि आपल्या घरात गेल्या दहा वर्षांत असा एक तरी कागद आला का, ते आठवून पाहावे. माझ्या घरी मोबाइल टॉवरविरुद्ध, मेट्रोच्या खांबांविरुद्ध, योगवर्गाचे आणि तीन राजकीय पक्षांचे कागद आले. हा आला नाही.

'ज्यांचं काम आहे ते बघतायत' म्हणणाऱ्यांना माझे एवढेच म्हणणे की ज्यांचे काम आहे, त्यांच्या कामातच आपल्याला सांगणे धरलेले आहे.

अर्थात कायद्याला भोके आहेत, आणि डोंबिवलीसारख्या ठिकाणी तीच मोठी आहेत. १९८९ च्या नियमांचे जाळे साठ्याच्या वजनावर चालते. क्लोरिन १० टन, अमोनिया ६० टन, भोपाळचे मिथाइल आयसोसायनेट १५० किलो, अशी एकेक मर्यादा. तिच्या वर गेलात तर मोठ्या धोक्याचा कारखाना, खाली राहिलात तर नियम पंधरा तुम्हाला लागू नाही. आता एमआयडीसीतल्या गल्लीत उभे राहा. भिंतीला भिंत लागून छोटे छोटे प्लांट, प्रत्येकाकडे मर्यादेच्या जरा खाली असा साठा, शेडमध्ये पिंपे, पलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे राहती इमारत. कागदावर यातला एकही 'मोठा' नाही. आग मात्र कागद वाचत भिंत ओलांडत नाही. अमुदानच्या स्फोटात शेजारच्या कंपन्यांचे काय झाले ते सगळ्यांनी पाहिले. म्हणून माझ्या दृष्टीने ४१-ब मधून संहितेत आलेले बंधन जास्त कामाचे. ते वजन विचारत नाही, प्रक्रिया धोकादायक आहे का एवढेच विचारते. छोट्या कारखानदाराला त्याआड लपता येत नाही. फक्त त्याला कोणीतरी विचारायला हवे.

गुपिताचा मुद्दाही सभेनंतर चहाच्या वेळी निघाला. कंपनीचे फॉर्म्युले बाहेर जातील, समाजकंटकांना आयते ठिकाण मिळेल वगैरे. फॉर्म्युला कोणी मागितलाच नाही. शेडमध्ये काय भरून ठेवले आहे ते मागितले आहे. माहितीचा अधिकार कायदासुद्धा व्यापारी गोपनीयता मान्य करतो, पण मोठे जनहित असेल तर ती बाजूला ठेवा असे त्याच वाक्यात सांगतो. आणि समाजकंटकांचे म्हणाल तर संध्याकाळी कॅडबरी नाक्यावर दहा मिनिटे उभे राहा. हमरस्त्याने जाणाऱ्या टँकरच्या पाठीवर आणि अंगावर एक फलक असतो, त्यावर चार आकडे. १०१७ म्हणजे क्लोरिन, १००५ म्हणजे अमोनिया, १०७५ म्हणजे एलपीजी, १८३० म्हणजे गंधकाम्ल. शेजारी धोक्याच्या प्रकाराचे चित्र आणि तज्ज्ञाचा फोन नंबर. मोटार वाहन नियमांनी हे सक्तीचे केले आहे, आणि जगभर तेच आकडे चालतात. म्हणजे जो पदार्थ माजिवड्यापासून घोडबंदरपर्यंत आपले नाव पाठीवर रंगवून हिंडतो, तोच कारखान्याच्या फाटकातून आत शिरला की राष्ट्रीय गुपित होतो. समाजकंटक इतके आळशी असतील असे मला वाटत नाही.

आणि 'आपण काय डोंबिवलीत राहतो?' याचे उत्तरही त्याच नाक्यावर मिळते. ठाणेकरांना पत्ता सांगताना कंपन्यांची नावे लागतात: नितीन कंपनी, कॅडबरी, कॅसल मिल, आणि पुढे गोल्डन डाइज नाका. गोल्डन डाइज! रोज हजारो माणसे कंडक्टरला हे नाव सांगून उतरतात. तिथे रंग बनत होते, ते कशापासून, हे किती जणांनी विचारले? कोलशेत रस्त्यावरचे रासायनिक कारखाने गेले आणि टॉवर आले, हे खरे. पण उरण-न्हावाशेव्याच्या बंदरातून गुजरातकडे जाणारी अवजड वाहतूक आपल्या उशाशीच आहे, बर्फाचे कारखाने आणि शीतगृहे अमोनियावर चालतात, पाणी शुद्ध करायला क्लोरिन लागतो. खोपटच्या एसटी स्थानकात उभ्या असलेल्या माणसाला वारा कुठून वाहतो याच्याशी कर्तव्य नसते. वाऱ्याला असते.

राहिला मुद्दा कारखाने हलवण्याचा. दर स्फोटानंतर स्थलांतराची घोषणा होते. २०२४ लाही झाली. हलवा, जरूर हलवा. मात्र घोषणा ऐकली की सांगण्याचे काम पुढे ढकलायला कारण मिळते: जाणारच आहेत, आता कशाला? आधी कोण आले, कारखाना की इमारत, हा डोंबिवलीतला जुना वादही याच जातीचा. एमआयडीसी साठच्या दशकातली, इमारती बऱ्याचशा नंतरच्या, हे मान्य. पण उशिरा आलेल्याला फुफ्फुसे नसतात असे थोडेच आहे? उलट फ्लॅट विकताना जर शेजारच्या फाटकावर पदार्थांची यादी लावलेली असती, तर घेणाऱ्याने विचार करून घेतला असता. इथेच बिल्डरला घबराटीची एवढी काळजी का वाटते ते कळते. त्याला भीती माणसे पळतील याची नसते, गिऱ्हाईक पळेल याची असते.

हे बाहेर कुठे जमले आहे का? इटलीत सेवेसो गावाजवळ १० जुलै १९७६ ला एका कारखान्यातून डायॉक्सिन सुटले. त्याच गावाच्या नावाने १९८२ मध्ये युरोपात नियमावली झाली. २०१२ च्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीप्रमाणे मोठ्या धोक्याच्या कारखान्याभोवती राहणाऱ्यांना, त्यांनी न मागता, निदान पाच वर्षांतून एकदा माहिती मिळते: काय साठवले आहे, भोंगा कसा वाजेल, काय करायचे. त्या कारखान्यांशेजारची गावे ओस पडलेली नाहीत. आणि आपल्याकडे ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमला स्टायरिन सुटले तेव्हा कारखान्यात भोंगे होते, ते वाजवले गेले नाहीत, असे चौकशी समितीने लिहिले. माणसे झोपेतून उठून पळाली आणि रस्त्यात पडली. १२ गेली.

मला काय हवे आहे ते फार थोडे आहे. कारखान्याच्या फाटकावर बाहेरच्या बाजूने, रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत पदार्थांची नावे. आवारातल्या केबिनमधला इंग्रजी तक्ता नको, तो निरीक्षक येतो त्या दिवसासाठी असतो. भोंग्याचा एकच अर्थ, सगळ्या जिल्ह्यात सारखा, आणि तो शाळेत मुलांना शिकवलेला. रंगीत तालमीत कुंपणाबाहेरची निदान एक सोसायटी, एक चाळ, एक शाळा. आणि अपघातानंतरचा चौकशी अहवाल लोकांसमोर. प्रोबेसच्या अहवालासाठी डोंबिवलीकरांना माहिती अधिकाराचे अर्ज घेऊन हिंडावे लागले. माणसे मेल्यावरही सांगायचे नाही, मग घबराट नेमकी कोणाची वाचवली?

सभेनंतर दोन दिवसांनी काका जिन्यात भेटले. रागावलेले नव्हते. मी त्यांना विचारले, तीस वर्षांत तुम्ही कधी घाबरलात का? म्हणाले, "छे रे. घाबरायचं काय त्यात? प्लांटवर विंडसॉक असायचा, आत शिरल्या शिरल्या आधी वारा बघायचा. कुठे जमायचं ते ठरलेलं. दर सहा महिन्यांनी ड्रिल. सगळं माहीत असायचं." मग मी विचारले, आणि घरी काकूंना? तेव्हा ते कारखान्यापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर राहत. काका क्षणभर थांबले. "तिला मी लग्न झाल्या झाल्याच सांगून ठेवलं होतं. भोंगा थांबत थांबत वाजला तर शिफ्ट. सलग वाजत राहिला तर खिडक्या लाव, ओला टॉवेल घे आणि पोरांना घेऊन आतल्या खोलीत बस. मी येईपर्यंत दार उघडू नकोस."

आणि शेजारच्या चाळीत, असे मी विचारले. काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि वर चढायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी फलकावर, पाणीकपातीच्या नोटिशीशेजारी, वहीचा एक कागद टाचणीने लावलेला होता. सुवाच्य, जुन्या वळणाचे अक्षर. डावीकडे चार आकडी नंबर, उजवीकडे पदार्थाचे नाव, आणि तिसऱ्या रकान्यात प्रत्येकासमोर दोनच शब्दांपैकी एक: 'वर' किंवा 'आत'.